वडिलांच्या नावावरची गाडी आणि गटारीची नाकाबंदी

दारू पिऊन गाडी चालवताना कुणी पकडलं गेलं, की घरचे आधी माणसाची काळजी करत असतील असं वाटतं. पण माणूस बहुधा त्याच रात्री घरी येतो. हा गुन्हा जामीनपात्र आहे. वकिलाकडे सकाळी येणारा प्रश्न असतो तो गाडीचा. हे प्रकरणही गाडीचंच आहे. पुण्यातलं, १ जुलै २०२४ ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली त्यानंतरचं. नावं देत नाही. थोरला, धाकटा, आई आणि नगरला दिलेली बहीण एवढ्यावर सगळं समजेल.

श्रावण तोंडावर आलेला, शनिवारची रात्र. गटारीला नाकाबंदी असते हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही, तरी दरवर्षी तिथेच माणसं सापडतात. धाकटा मित्राच्या घरून वॅगनआर घेऊन निघाला आणि बॅरिकेडपाशी अडवला गेला. यंत्रात फुंकायला लावलं, आकडा आला ७४. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. यंत्रातून निघालेल्या पट्टीवर त्याची सही घेतली, लायसन्स काढून घेतलं. त्याने थोरल्याला फोन केला. थोरला रिक्षाने तिथे पोचला. तो प्यायलेला नव्हता, खिशात चालू लायसन्स होतं. त्याने सरळ विनंती केली, "साहेब, याच्यावर काय ती कारवाई करा, गाडी मी घरी नेतो." उत्तर आलं, "गाडी जमा होणार. सोमवारी कोर्टात दंड भरा, पावती दाखवा, गाडी घेऊन जा."

धाकट्याला ठाण्यात नेलं, नोटीस दिली आणि सोडलं. अटक दाखवली नाही, रक्ताचा नमुनाही घेतला नाही. गाडी ठाण्याच्या भिंतीलगत, वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलेल्या गाड्यांच्या शेजारी लागली.

सोमवारी दोघे भाऊ माझ्याकडे आले तेव्हा कोर्टाच्या आवारात त्यांना एक एजंट आधीच भेटून गेला होता. "कबूल करा, दहा हजार भरा, संध्याकाळी गाडी दारात." थोरला चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो, त्याला गाडी रोज लागते, आणि आईची तब्येत नाजूक आहे. त्याला हा सौदा वाईट वाटत नव्हता. धाकटा खाली मान घालून बसला होता. त्याला काहीही चाललं असतं.

"दंड भरा, पावती आणा" या वाक्यात खरी मेख आहे. सिग्नल तोडल्याचा, हेल्मेट न घातल्याचा दंड चलानवर भरता येतो, कारण ते गुन्हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोडीने मिटवता येतात. कलम १८५ त्या यादीत नाही. मद्यपान करून गाडी चालवल्याचा दंड ऑनलाइन किंवा चौकात भरता येत नाही, तो न्यायदंडाधिकारी शिक्षा म्हणून सुनावतात. त्यामुळे 'दंड भरा' याचा अर्थ 'गुन्हा कबूल करा आणि दोषी ठरा' एवढाच होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. "दोन हजार टाकले की सुटतो" ही जुनी समजूत अजून लोकांच्या डोक्यात आहे, आणि एजंट तिच्यावरच जगतात.

दंडापेक्षा जड गोष्ट एजंट सांगत नाही. कलम २० च्या पोटकलम २ प्रमाणे १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने चालकाला वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचं असतं, आणि ती मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी असू शकत नाही. धाकटा औषध कंपनीत विक्रीचं काम करतो, सगळी फिरती दुचाकीवर. गाडी संध्याकाळी दारात आली असती, पण त्याच संध्याकाळी त्याची फिरती बंद पडली असती, आणि तीही त्याला काही कळायच्या आत.

मी त्यांना सांगितलं ते एवढंच: गाडी आणि गुन्हा हे दोन वेगळे कागद आहेत. गाडीसाठी वेगळा अर्ज करता येतो. गुन्हा कबूल करायचा की लढायचा हे नंतर डोकं शांत ठेवून ठरवा. तो दोषी नव्हता असं माझं म्हणणं नव्हतं. ७४ चा आकडा बघून मी त्याला चार शब्द सुनावलेही. पण गाडी सोडवण्याची किंमत म्हणून कबुली द्यायची ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते, मग समोरचा कितीही दोषी असो.

आता गाडी जप्त झाली तरी कोणत्या अधिकाराने? मोटार वाहन कायद्यात गाडी अडकवून ठेवण्याचं मुख्य कलम २०७ आहे. ते लायसन्स नसलेल्या किंवा अल्पवयीन चालकाला, नोंदणी नसलेल्या गाडीला, परवान्याशिवाय धावणाऱ्या वाहनाला लागू होतं. त्यात १८५ चा उल्लेखच नाही. मद्यपी चालकाला वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार कलम २०२ देतं, आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने गरज पडल्यास वाहनाची तात्पुरती व्यवस्था लावावी. तात्पुरती व्यवस्था म्हणजे रस्त्यात बेवारस सोडू नये, चोरीला जाऊ नये एवढं. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अनेक याचिका एकत्र ऐकून हेच स्पष्ट केलं: सोबत प्यायलेली नसलेली, लायसन्सधारक व्यक्ती असेल तर गाडी तिला चालवू द्या. नसेल तर नातेवाईक किंवा मित्राला बोलावून घ्या. कुणीच मिळालं नाही तर गाडी जवळच्या ठाण्यात ठेवा आणि मालक कागद घेऊन आला की परत द्या. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण अर्जात जोडायला अतिशय उपयोगी आहे. आमच्या प्रकरणात तर नातेवाईक तिथे हजर होता आणि गाडी मागत होता.

ठाण्यात मात्र जप्ती २०७ खाली दाखवलेली नव्हती. पंचनाम्यावर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ होतं, म्हणजे गुन्ह्याशी संबंधित मालमत्ता जप्त करण्याचा सर्वसाधारण अधिकार. यावर वाद घालता आला असता. मी घातला नाही. जप्ती बेकायदा ठरवून घ्यायला वरच्या न्यायालयात जावं लागलं असतं, आणि तोवर गाडी पावसात उभी राहिली असती. १०६ खाली जप्ती म्हणजे मुद्देमाल, आणि मुद्देमाल परत मागण्याची वाट मळलेली आहे.

ती वाट म्हणजे कलम ४९७ आणि ५०३. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४५१ आणि ४५७. खटला चालू असताना मालमत्ता न्यायालयासमोर आलेली असेल तर ४९७, पोलिसांनी जप्तीचा नुसता अहवाल दिला असेल तर ५०३. अर्जावर आम्ही दोन्ही टाकतो, म्हणजे तांत्रिक मुद्द्यावर अर्ज अडत नाही. आधाराला सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल. जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं पडून राहण्यात कुणाचाच फायदा नाही. योग्य बंधपत्र घ्या, फोटो आणि पंचनामा करून ठेवा आणि गाडी लवकर सोडा, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. नव्या संहितेने यात मुदतीही घातल्या आहेत. मालमत्ता समोर आल्यापासून १४ दिवसांत न्यायालयाने तिचं वर्णनपत्र करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करून घ्यायचं, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा.

इथवर प्रकरण सरळ होतं. मग मी आरसी बुक मागितलं.

गाडी वडिलांच्या नावावर. वडील आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास वारले होते. विमा? तोही वडिलांच्याच नावावर, आणि ते गेल्यानंतर मोबाईलवरून नूतनीकरण केलेला. "दरवर्षी मेसेज येतो, मी भरून टाकतो," थोरला म्हणाला. पीयूसी तेवढी चालू होती.

असल्या गाड्या महाराष्ट्रात घरोघर आहेत. वडील गेले की सातबाऱ्याची आणि बँकेच्या खात्याची धावपळ होते, गाडी मात्र किल्ली हातात आहे म्हणून आपलीच वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ सांगतो की मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करायचा. विम्याचंही तसंच. पॉलिसीधारक वारला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही, पण ती मृत्यूपासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवरच टिकते. त्यानंतर मृत माणसाच्या नावाने भरलेल्या हप्त्याचं काय होणार हे गाडी ठोकली गेल्यावरच कळतं, आणि तेव्हा ते चांगलं कळत नाही.

त्या रात्री काही ठोकलं नाही हे नशीबच. ठोकलं असतं तर मृताच्या नावाचा विमा हा प्रश्न दुसरा ठरला असता. पहिला प्रश्न दारूचाच. खासगी गाडीच्या पॉलिसीत मद्याच्या अमलाखाली झालेलं नुकसान वगळलेलं असतं. दिल्लीत २००७ साली झालेल्या एका पोर्शच्या अपघातात श्वास चाचणी किंवा रक्त तपासणीचा अहवाल नव्हता, तरी विमा कंपनीने दावा नाकारला तो बरोबर होता, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात ठरवलं. धाकट्याच्या खिशात तर ७४ ची सही केलेली पट्टी होती.

तर अर्जदार कोण? हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस चौघे: आई, दोन मुलगे, मुलगी. सगळ्यांचा हक्क सारखा. म्हणजे आरोपी धाकटाही गाडीच्या चौथ्या हिश्श्याचा धनी. अर्ज थोरल्याने एकट्याने केला असता तर सरकारी वकिलांनी पहिल्याच वाक्याला अडवलं असतं. म्हणून आईचं आणि बहिणीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, धाकट्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र की गाडी थोरल्याच्या ताब्यात द्यायला हरकत नाही, मृत्यूचा दाखला, आणि वारस दाखवण्यासाठी रेशनकार्ड. बहिणीचं प्रतिज्ञापत्र नगरहून यायला वेळ लागला. तिचा आग्रह होता की धाकट्याने स्वतः फोन करून तिला काय झालं ते सांगावं. तिने त्याला फोनवर काय सुनावलं ते मला सांगितलं गेलं नाही, पण कागद दुसऱ्या दिवशी कुरियरने आला.

एजंट मधल्या काळात पुन्हा भेटला म्हणे. वडिलांच्या नावची गाडी ऐकून त्याचा भाव वाढला होता.

अर्ज दाखल झाला. न्यायालयाने त्यावर तपासी अंमलदार आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. 'से'मध्ये तीन हरकती आल्या. आरसी मृताच्या नावावर आहे, त्यामुळे अर्जदाराची मालकी सिद्ध नाही. आरोपी त्याच घरात राहतो, गाडी पुन्हा त्याच्याच हाती जाईल. आणि गाडी पुराव्यासाठी लागेल. युक्तिवाद करताना सरकारी वकिलांनी १९ मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघाताचा उल्लेख केला, ज्यात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. पुण्याच्या न्यायालयांत १८५ च्या प्रकरणांत त्या अपघाताचा उल्लेख निघणं स्वाभाविक आहे आणि मला त्यात गैर काही वाटत नाही.

तिसरी हरकत सर्वात दुबळी. १८५ चा पुरावा म्हणजे यंत्राची पट्टी, ते यंत्र प्रमाणित असल्याचे कागद आणि नाकाबंदीवरच्या अंमलदाराची साक्ष. गाडीच्या सीटवर काही पुरावा नसतो. फोटो पुरतात. पहिली हरकत प्रतिज्ञापत्रांनी भागली. तात्पुरत्या ताब्यासाठी न्यायालय मालकीचा अंतिम निवाडा करत नाही, ताब्याला अधिक योग्य कोण एवढंच बघतं. दुसरी मात्र खरी होती. तिच्यावर मी वाद घातला नाही. उलट थोरल्याने स्वतःहून हमी लिहून दिली की धाकट्याला लायसन्स परत मिळेपर्यंत गाडीची किल्ली दिली जाणार नाही. तशीही लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकावर कलम १८० ची कारवाई होते, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. न्यायाधीशांनी थोरल्याकडे बघून विचारलं, "धाकटा भाऊ ऐकतो का तुमचं?" थोरला म्हणाला, "आता ऐकेल, साहेब." कोर्टात थोडं हसू पसरलं.

विम्याचा प्रश्न न्यायाधीशांनीच काढला. चालू विम्याशिवाय गाडी रस्त्यावर जाऊ देणार नाही म्हणाले, आणि ते योग्यच होतं. एक तारीख मागून घेतली. विमा कंपनीला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती देऊन पॉलिसीवर थोरल्याचं नाव चढवून आणलं. हे काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. आठ महिन्यांपूर्वी केलं असतं तर आणखी सोपं झालं असतं.

आदेश झाला. दोन लाखांचं बंधपत्र, गाडीच्या चारही बाजूंचे आणि चेसी नंबरचे फोटो, मागेल तेव्हा गाडी हजर करणे, रंग-रूप न बदलणे, आणि परवानगीशिवाय विक्री किंवा हस्तांतर न करणे.

शेवटच्या अटीत नवा पेच होता. आरटीओ म्हणणार गाडी वारसाच्या नावावर करा, न्यायालय म्हणतंय हस्तांतर करू नका. अर्जातच मी वारसा हस्तांतराची मुभा मागितली होती, पण न्यायाधीशांनी ती आधी गाडी ताब्यात घ्या, मग वेगळा अर्ज करा असं म्हणून बाजूला ठेवली. पुष्कळ लोक इथेच थांबतात. गाडी मिळालेली असते, वर्ष-दोन वर्षं अशीच जातात, आणि विकायला काढली की कळतं, आरसीवर अजून बाबाच आहेत आणि कोर्टाची अटही तशीच उभी आहे.

ताबा घेण्याचं काम मुद्देमाल कारकुनाकडे. आदेशाची प्रमाणित प्रत, बंधपत्र, आधार, लायसन्स, विमा, पीयूसी. मग ताबापावतीवर सही. सही करण्याआधी पंचनाम्यातली यादी हातात घेऊन गाडीभोवती फिरा, असं मी प्रत्येकाला सांगतो. स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टिम, डॅशबोर्डमधले कागद, काचा. सही झाल्यावर काय गायब होतं ते सांगून उपयोग नसतो. थोरल्याने मोबाईलवर चित्रीकरण केलं. सामान सगळं जागेवर होतं. बॅटरी बसली होती आणि मागच्या सीटच्या पायाशी पावसाचं पाणी साचलं होतं, कारण जप्तीच्या रात्री कुणीतरी मागची काच बोटभर उघडी ठेवली होती. जंपर केबल लावून गाडी सुरू केली. वाहन पोर्टलवर जुनी दोन ई-चलानं निघाली, तीही त्याच आठवड्यात भरून टाकली.

दुसरा अर्ज, वारसा हस्तांतराच्या परवानगीचा, सरकारी वकिलांनी हरकत न घेतल्याने लवकर मंजूर झाला. नमुना ३१, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्रं, चेसी प्रिंट, उशिराचं शुल्क आणि न्यायालयाचा आदेश जोडून आरटीओत दिलं, आणि आरसीवर थोरल्याचं नाव आलं.

धाकट्याच्या खटल्यात बचावाला जागा होती. ७४ ला रक्ताच्या नमुन्याची जोड नव्हती, आणि यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख तपासून बघण्यासारखी होती. मी ते त्याच्यापुढे मांडलं. त्याने विचार करायला वेळ मागितला, आणि गाडी घरी येऊन पुष्कळ दिवस झाल्यावर येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, मी प्यायलो होतो. कबूल करतो." मधल्या काळात त्याने कंपनीत बोलून सहा महिने कार्यालयातलं काम मागून घेतलं होतं, पगार थोडा कमी. न्यायालयाने १०,००० रुपये दंड केला आणि सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवलं. लायसन्स पोलिसांनी आधीच कलम २०६ खाली आरटीओकडे पाठवलेलं होतं. तिथली निलंबनाची सुनावणी वेगळी झाली, तिथे निकालपत्राची प्रत द्यावी लागली.

निकालपत्र हातात आल्यावर मी शेवटचा परिच्छेद आधी वाचला. मुद्देमालाबाबत तिथे एक ओळ असावी लागते: गाडीचा तात्पुरता ताबा कायम करण्यात येतो, बंधपत्र रद्द. ही ओळ नसेल तर खटला संपला तरी दोन लाखांचं बंधपत्र थोरल्याच्या नावावर तसंच राहतं. आमच्या निकालात ती नव्हती. त्याच दिवशी अर्ज दिला, आणि अपिलाची मुदत उलटल्यावर तसा आदेश मिळाला.